दोन बोटं जागा

दवाखान्यातल्या गोष्टींचं बाळोत्यांसारखं असतं. वाळलेली घडी करून ठेवावीत, तोवर पुढची ओली तयार! मी, आमची आया शेवंताबाई आणि रंगनाथ कंपाउंडर, असे आम्ही तिघं जुने लोक अजूनही कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो की पंगतीत ह्याच गोष्टी निघतात. वाढपी भात घेऊन समोर उभा असतो आणि आम्ही कुणाच्या तरी दुपट्यात अडकलेलो असतो.

त्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी एकाच हंगामातल्या आहेत. एकाहत्तर साली माझी नेमणूक देवळाली प्रवऱ्याच्या पलीकडं, ऊसपट्ट्यातल्या एका गावच्या दवाखान्यात झाली. नर्स म्हणून पहिलीच नोकरी. दवाखान्याला चार खाटांची बाळंतखोली होती. खाटा चार, आणि बाळंतिणी बहुतेक वेळा शून्य! बाया घरीच बाळंत व्हायच्या आणि बाळाला गुंडाळायचा मान गोदूआजीचा असायचा.

गोदूआजी म्हणजे गावची सुईण. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. त्यामुळं निम्मं गाव तिला घाबरायचं आणि उरलेलं निम्मं त्यांच्याकडं बघून घाबरायचं. तिच्या हातचं बाळ म्हणजे गाठोडं. हात अंगाला चिकटवलेले, पाय सरळ ताणलेले, गळ्यापासून टाचेपर्यंत आवळलेलं, वरून गोधडी, गोधडीचं टोक तोंडावर, आणि हे सगळं शेगडीला लागून. "आवळल्याबिगर लेकराला झोप न्हाई, आनि हातपाय सरळ व्हत न्हाईत," हा तिचा कायदा. त्यावर अपील नव्हतं.

सुमन ही तिचीच नातसून. अंगानं बारीक, बोलायला कमी. तिचं पहिलं बाळ महिन्याचं व्हायच्या आत गेलं होतं. सकाळी उठून बघतात तर गोधडीत निपचित. गारठा बाधला, असं घरानं ठरवून टाकलं आणि तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. आता सुमनला परत दिवस होते, संक्रांतीच्या सुमाराला ती बाळंत होणार होती. तपासायला आली तेव्हा आजीची पाठ वळलेली बघून तिनं माझा हात धरला. "बाई, ह्या लेकराला तुमी गुंडाळा."

मी लगेच हो म्हणून बसले. कुणाशी गाठ आहे, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

* * *

आमचे डॉक्टर नवे, पुण्याकडचे, बिनलग्नाचे. आवळलेली बाळं तापानं फणफणून आलेली त्यांनी आधीच्या दवाखान्यात बघितली होती. म्हणून त्यांनी आल्या आल्या हुकूम काढला, बाळंतखोलीत गुंडाळणं बंद. एकदम बंद!

भाद्रपदात एकाच वेळी तीन बाळंतिणी आल्या. आम्हाला वाटलं, दवाखान्याचं नशीब उघडलं. तिन्ही बाळं मोकळी ठेवली. नव्या बाळाचे हात आपोआप उडतात आणि त्या उडण्यानं ते स्वतःच दचकतं. एक दचकून रडलं की दुसरं उठायचं, दुसऱ्यानं तिसरं, आणि तिसरं गप्प होतंय तोवर पहिलं पुन्हा दचकलेलं. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आत तिन्ही बाळंतिणी बैलगाडीत बसून घरी गेल्या. गावात आमचं नाव पडलं, रडका दवाखाना.

डॉक्टर माणूस मात्र सरळ. चहा मागवला आणि मला विचारलं, ट्रेनिंगला असताना तुम्ही काय करायचात? मी सांगितलं की आमच्या सिस्टर ट्यूटर भयंकर कडक होत्या. आम्ही बाळ गुंडाळलं की त्या कापड आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघायच्या. बोटं गेली नाहीत तर सोडा. मूठ गेली तरी सोडा, कारण सैल कापड वर सरकून तोंडावर येतं. डॉक्टरांनी आपलं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात पायांचं होतं. बाळाच्या खुब्याचा सांधा कोवळा, पाय ताणून बांधायचे नाहीत, बेडकासारखे दुमडलेले राहू द्यायचे. असं चहा संपेपर्यंत आमचं ठरलं. एकच पातळ कापड, हात आत, छातीशी दोन बोटं जागा, पाय सैल, तोंड उघडं, बाळ उताणं, शेगडी लांब.

डॉक्टर खूश. म्हणाले, आता हे गावाला सांगायचं.

रंगनाथनं कपबश्या गोळा करता करता विचारलं, "गावाचं सोडा सायेब, गोदूआजीला कोन सांगनार?"

* * *

गावाला शिकवायचं म्हणजे बाहुली पाहिजे. ती काही मिळेना. शेवंताबाई म्हणाली, काळजी करू नका, आणि परड्यातून एक कोवळा दुधी भोपळा घेऊन आली. लांबी-रुंदी बाळाचीच. तोंड कुठलं ते कळावं म्हणून मी काजळानं नाक-डोळे काढले.

दवाखान्याच्या ओट्यावर पंधरा-वीस बाया जमल्या. मी भोपळ्याला दुपट्यावर तिरका ठेवला, एक पदर ह्या बाजूनं, दुसरा त्या बाजूनं, खालचं टोक सैल. बाया एकेक करून पुढं येऊन दोन बोटं घालून बघायला लागल्या. मला तर आपण सभा जिंकली असंच वाटलं. मागं गोदूआजी खांबाला टेकून तंबाखू मळत बसलेली.

मी म्हटलं, "बघा आजी, सैल आहे तरी कसं शांत आहे."

आजी म्हणाली, "भोपळा रडत न्हाई, म्हनून झोपलाय."

ओटा हसून हसून लोळला. सभा संपली, मी तोंड पाडून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर येऊन बघते तर दुपटं घडी करून ठेवलेलं आणि बाळ गायब! दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीतली एक बाई औषधाला आली आणि जाताना दारातून म्हणाली, "बाई, तुमचं लेकरू लई कवळं हुतं. डाळ घालून केलं."

* * *

भोपळ्याच्या पराभवानंतर शेवंताबाईला युक्ती सुचली. म्हणाली, आता बोलतं लेकरू गुंडाळू. बोलतं लेकरू म्हणजे रंगनाथ! तो चांगला सहा फुटी गडी, पण दवाखान्यासाठी जीव द्यायला तयार. खाटेवर उताणा पडला. मी गोदूआजीला सांगितलं, तुम्ही तुमच्या पद्धतीनं गुंडाळा, मग मी माझ्या. आजीला हे आव्हान वाटलं. तिनं पदर खोचला, चादर घेतली आणि गुडघा टेकवून असा काही आवळला त्याला की त्याचे डोळे मोठे झाले. वर घोंगडी. दाराशी बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या, त्यात सुमनही होती, पोटावर हात धरून.

एवढ्यात फाटकात जीप थांबली. जिल्ह्याचे साहेब, तपासणीला! डॉक्टर धावले. साहेब थेट बाळंतखोलीत आले. बघतात तर बाळंतिणीच्या खाटेवर मिशा असलेला माणूस, गळ्यापासून टाचेपर्यंत बांधलेला. रंगनाथला सलाम करायचा होता, पण हातच निघेना. तो नुसता मान हलवायला लागला. साहेबांनी घाबरून विचारलं, ह्याला काय झालंय?

आजी शांतपणे म्हणाली, "काय न्हाई. झोपवतीय."

डॉक्टरांना घाम फुटला. मी मात्र बोलून घेतलं, रंगनाथ, कसं वाटतंय ते बायांना सांगा. तो म्हणाला, "बाई, श्वास पुरा वढताच यीना. आनि पाय… पाय वाकवू द्या वो कुनीतरी."

मग मी त्याला सोडवून माझ्या पद्धतीनं गुंडाळलं. साहेब जायला निघाले तरी रंगनाथ उठेना. जाऊन बघितलं तर गडी घोरत होता! साहेबांनी जीपमध्ये बसताना डॉक्टरांना एवढंच सांगितलं की तुमच्याकडचा स्टाफ फार मेहनती दिसतो.

त्या दिवशी बाया घरी जाताना आपापसात दोन बोटं दाखवत गेल्या. गोदूआजी काही बोलली नाही. मला ते आवडलं नाही, बोलणारी गोदूआजी परवडायची.

* * *

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. पाथर्डीकडची माणसं. पाचटाच्या कोप्या घालून फडाशेजारी राहायची. थंडी कडक. बाया पहाटेपासून फडात, आणि तान्ही लेकरं झोळीत, वरून गोणपाट टाकून. मी जाऊन सांगितलं, गोणपाट काढा, तोंड झाकू नका. अंगडं घाला, वर एक जुन्या धोतराचं मऊ फडकं, आणि मानेमागं हात लावून बघा, घाम असला तर ऊब जास्त झाली.

एक तरणा तोडकरी मन लावून ऐकत होता. पहिलंच लेकरू त्याचं. म्हणाला, मी करून दाखवतो. त्यानं फडकं घेतलं, लेकरू ठेवलं, फडक्याला पीळ दिला आणि गुडघा उचलला. मी किंचाळून त्याचा हात धरला. दिवसभर मोळ्या बांधणारा माणूस तो, त्याच्या हाताला बांधणं म्हणजे एवढंच माहीत! मग मी त्याची दोन बोटं धरून दुपट्यात घालून दाखवली. त्याला ते इतकं पटलं की तो वाटेत भेटेल त्याला बोटं दाखवत सुटला.

दोन दिवसांनी मुकादम दवाखान्यात आला. कपाळाला आठ्या. म्हणाला, "बाई, लेकराचं लेकराला ऱ्हाऊ द्या. ह्यो गडी मोळीत बी दोन बोटं जागा ठिवतोय. कालधरनं सगळा ऊस रस्त्यावर हाय."

* * *

तोंड उघडं ठेवायचं म्हटलं की बाया मान हलवायच्या. थंडीचं निमित्त, खरी भीती नजर लागायची. त्यावर डॉक्टरांशी माझं भांडण झालं. ते म्हणायचे अंधश्रद्धा. मी म्हणायची, असेना का! तोंडावरचं फडकं निघतंय ना? शेवटी तह झाला. काजळ डोळ्यात नाही, गालावर तीट चालेल, पाहिजे तेवढी मोठी. झालं, एकेका बाळाच्या गालावर रुपयाएवढ्या तिटा दिसायला लागल्या आणि सगळी नाकं मोकळी झाली.

एका आजीबाईनं तीट लावता लावता डॉक्टरांच्या गालावरही बोट टेकवलं. "सायेब बी कवळंच हायत की अजून," म्हणाली. डॉक्टर तसेच दिवसभर फिरले. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही.

* * *

भाद्रपदात पळून गेलेल्या तिघींपैकी एक मार्गशीर्षात मुलाला घेऊन आली. तोंड आनंदानं फुललेलं. म्हणाली, साहेब, बघा, गुंडाळलेलं असताना पालथं पडलं आज! मी खुर्चीवरून उठलेच. बाळ कुशीवर वळायला लागलं की बांधणं बंद करायचं, नाहीतर तोंड खाली गेलं तर हातानं उचलून घेता येत नाही. हे मी शंभरदा सांगितलेलं. मी तिला झापणार एवढ्यात डॉक्टरांनी मला थांबवलं. त्यांनी बाळ हातात घेतलं, त्याचं दुपटं काढलं आणि आईच्या खांद्यावर टाकलं. "बाळ पास झालं. आता दुपट्याचं नाव पटावरून काढा."

तिनं गावभर पेढ्याऐवजी गूळ वाटला.

* * *

सुमनला सकाळी कळा सुरू झाल्या. तिनं आजेसासूला न विचारता नवऱ्याला गाडी जुंपायला लावली. बोलायला कमी असलेली ही पोरगी गाडीत चढून बसली आणि म्हणाली, दवाखान्यात. गोदूआजी मागोमाग गाडीत चढली. मांडीवर एक लहान गोधडी. लाल, तीवर हिरवी फुलं, चांगली जाड. सुमननं ती बघितली आणि मान वळवली. पहिल्या बाळाची होती ती, हे मला शेवंताबाईनं कानात सांगितलं.

दुपारी मुलगी झाली. मी तिला गुंडाळताना आजी पायथ्याशी उभी. खोटं कशाला सांगू! भोपळ्याला आणि रंगनाथला गुंडाळणं वेगळं. मी दोन बोटं घातली, काढली, पुन्हा घातली.

"लई सैल हाय," आजी म्हणाली.

मी म्हटलं, असू दे.

पोरगी झोपली. आजी गोधडी मांडीवर घेऊन खाटेशेजारी बसली ती हलेचना. शेवंताबाईनं चहा आणून दिला, तो निवला. मला वाटत होतं, मी इकडं पाठ वळवली की ही गोधडी त्या बाळावर जाणार. म्हणून मीही बसले. अशा आम्ही दोघी एकमेकींवर पहारा देत बसलो. उन्हं उतरली तेव्हा आजी एकदम बोलली.

"हिचं नाक हालतंय. श्वास घेती ते दिसतंय."

मी म्हटलं, "तोंड उघडं असलं की दिसतं."

गोधडी मात्र तिनं सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सुमन घरी गेली, तेव्हाही गोधडी आजीच्या मांडीवरच होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी फाटकात उभी होते. घर आजीचं, शेगडी आजीची, आणि माझा शब्द दवाखान्याच्या फाटकापुरता. त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

* * *

बारशाचं बोलावणं आलं. आम्ही सगळे गेलो. माजघर बायांनी भरलेलं. मी आधी शेगडी शोधली. ती पार चुलीपाशी सरकवलेली होती. मग पाळणा. त्यात पोरगी झोपलेली, एकाच पातळ दुपट्यात, हात आत, तोंड उघडं, गालावर ही एवढी तीट. एवढ्या कलकलाटात ती गाढ झोपेत होती. मी पुढं होऊन बोटं घालणार, तोच गोदूआजीनं माझ्या हातावर फटका मारला. "हात धुतलं का?"

मी मागं फिरणार, एवढ्यात राहात्याहून आलेली आजीची जाऊ पाळण्यात डोकावली. मानाची बाई. बाळासाठी नवी कोरी गोधडी घेऊन आलेली. तिनं पोरीच्या गालाला हात लावला. "आगं बया! थंडीच्या दिसात एका फडक्यावर ठिवलंय व्हय? पयलं गारठ्यानं गेलं, त्येवढं पुरं झालं न्हाई का?"

सुमनचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं. मी त्या घरात पाहुणी. जावेनं गोधडी उलगडलीही.

गोदूआजीनं ती दोन्ही हातांनी घेतली. चाचपून बघितली. "लई उबदार हाय," म्हणाली. मग तिची चौघडी घातली, पाळण्याशेजारी जमिनीवर ठेवली आणि तीवर बसली.

"माज्या गुडघ्यास्नी बरी," ती म्हणाली. "म्हना गं, पाळना म्हना."

बाया फिसकन हसल्या, जाऊही हसली, आणि पाळणा सुरू झाला. सुमन सगळ्यांच्या वर आवाज काढून गात होती. मला उभ्या जागी टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. त्याऐवजी मी हात धुवायला परसात गेले.

परसात दोरीवर दुपटी वाळत होती. एकाच मापाची चार, पातळ, स्वच्छ धुतलेली. एकावर हिरवी फुलं होती, लाल रंग विटलेला. बाकीची जुन्या लुगड्यांची. चारही दुपट्यांवर सुईची बारीक भोकं ओळीनं दिसत होती, धागे उसवून काढल्यावर राहतात तशी.

मी ओल्या हातानंच आत आले. गोदूआजीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं, मी काय बघून आले ते.

"चार पदर हुते त्या जुन्या गोधडीला," ती माझ्यापुरतं म्हणाली. मग पाळण्याची दोरी थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघतीस काय नुसती? आता घाल बोटं."

मी दोन बोटं घातली. पोरीनं झोपेतच पाय झाडले आणि ती पुन्हा गाढ झोपली.